विद्यार्थ्यांचे हसू : मराठी महाविद्यालयीन विनोदी रंगभूमीची कहाणी (धागा)

१/ मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरताना पेण मागे पडले की वडखळचा नाका लागतो. येथून एक रस्ता अलिबागकडे वळतो, दुसरा नागोठण्याच्या दिशेने पुढे जातो. पावसाळ्यात मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचे दिवस आले की पेण, रोहा, अलिबाग परिसरातील महाविद्यालयांचे नाट्यसंघ याच रस्त्यांवरून स्पर्धेला ये-जा करतात. बरोबर फारसे सामान नसते. दोन-चार पोशाख, एखादी ढोलकी आणि पाठ झालेली संहिता. त्या संहितांत एक हमखास प्रहसनाची असते. आजची मुले तिला ‘स्किट’ म्हणतात.

२/ या दहा मिनिटांच्या प्रहसनामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. मराठी माणूस रंगमंचावर कशाला हसला, कोणाला हसला आणि हसण्याची परवानगी कोणी दिली वा नाकारली, याचा तो इतिहास आहे. गंभीर नाटकांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिले गेले. विद्यार्थ्यांच्या विनोदाच्या वाट्याला मात्र बहुधा तळटीपच आली. हा धागा त्या तळटिपेविषयी आहे.

३/ आरंभी तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहू. केंब्रिज विद्यापीठात १८८३ मध्ये ‘फुटलाइट्स’ नावाचा विद्यार्थी नाट्यसंघ स्थापन झाला. विनोदी प्रयोग हीच त्याची ओळख बनली. १९६३ मध्ये या संघाचा ‘केंब्रिज सर्कस’ हा प्रयोग लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर पोहोचला आणि पुढल्या वर्षी न्यूयॉर्कला गेला. जॉन क्लीज, ग्रॅहम चॅपमन आणि एरिक आयडल हे याच संघातले. १९६९ मध्ये ‘मॉन्टी पायथन’ने दूरचित्रवाणीवरील विनोदाची घडी बदलली, ती या तिघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी.

४/ १९८१ मध्ये एडिंबरा महोत्सवात विनोदासाठीचा पहिला पेरिए पुरस्कार फुटलाइट्सच्याच ‘द सेलर टेप्स’ या प्रयोगाला मिळाला. त्यात स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी आणि एमा थॉम्पसन होते. एका विद्यार्थी संघाने देशाच्या विनोदाला वळण दिल्याचे उदाहरण म्हणून हे नाव जगभर घेतले जाते. मग प्रश्न पडतो : मराठीत असे काही घडले का?

५/ घडले, पण निराळ्या रीतीने. मराठीत विनोदाला वाहिलेला, शतकभर टिकलेला असा एकच विद्यार्थी संघ नव्हता. संघ दरवर्षी जमत होते, स्पर्धा झाली की पांगत होते आणि पुढल्या वर्षी नव्या मुलांनिशी पुन्हा उभे राहत होते. टिकून राहिले ते स्पर्धेचे व्यासपीठ, स्नेहसंमेलनाची प्रथा आणि समोरचा प्रेक्षक. या तिघांनी मिळून एका संस्थेचे काम केले. ते कसे, हे समजण्यासाठी मुळापासून आरंभ करावा लागतो.

६/ ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले. त्या पौराणिक खेळांत हसू होते, पण ते ठरावीक जागी : सूत्रधार आणि विदूषक यांच्या आरंभीच्या संवादात. राक्षस रंगमंचावर येऊन ज्या आरोळ्या ठोकीत, त्यांवरून या नाटकांना ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नावही पडले. म्हणजे मराठी नाटकाची थट्टा मराठी नाटकाच्या जन्माबरोबरच सुरू झाली.

७/ १८५० च्या दशकात मुंबईत इंग्रजी नाटके पाहून मराठी मंडळ्यांनी पौराणिक खेळाच्या शेवटी छोटा गद्य खेळ जोडण्यास प्रारंभ केला. त्याला ‘फार्स’ म्हणत. येथे एक गंमत आहे. त्या काळी मराठीत ‘फार्स’ म्हणजे केवळ विनोदी खेळ नव्हे. अफझलखानाच्या आणि नारायणराव पेशव्यांच्या मृत्यूवरचे फार्सही झाले. देवादिकांऐवजी माणसे आणि पदांऐवजी साधी बोली असलेला कोणताही छोटा खेळ म्हणजे फार्स. रोजचे मराठी बोलणे रंगमंचावर येण्याची एक वाट या फार्समधून गेली.

८/ विनोद निरुपद्रवी असतो, असे मात्र सरकारला कधी वाटले नाही. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आठवावा. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीत कलकत्त्याच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी त्याला आपल्या घरच्या अंतःपुरात नेले. त्यावर ‘गजदानंद’ या नावाने प्रहसन रंगले. ते बंद पाडण्यासाठी आधी वटहुकूम निघाला आणि मागोमाग देशभर लागू होणारा कायदा झाला. पुढे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली, तीही नाटकाला धाकात ठेवणाऱ्या याच राजवटीत. पण त्या कायद्याचे तात्कालिक कारण एक प्रहसन होते, हे सहसा सांगितले जात नाही. तो केंद्रीय कायदा रद्द होण्यास स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे लागली.

९/ याच काळात महाविद्यालये उभी राहत होती. मुंबईचे एल्फिन्स्टन, पुण्याचे डेक्कन आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन. महाविद्यालयाबरोबर स्नेहसंमेलन आले, म्हणजे मुलांच्या तोंडचे ‘गॅदरिंग’. वर्षभर प्राध्यापकांपुढे मान खाली घालून बसणाऱ्या मुलांना एक दिवस रंगमंच मिळे. ‘फिशपाँड’ ही प्रथा त्यातूनच रुजली. चिठ्ठ्यांवर निनावी टोमणे लिहायचे, शक्य तर यमकात, आणि ते भर सभेत वाचून दाखवायचे. ज्याच्यावर टोमणा असेल त्याने उठून हसत तो स्वीकारायचा. ही थट्टा सहन करण्याची शाळा होती, तशीच नेमक्या शब्दांत थट्टा करण्याचीही.

१०/ १८९४ मध्ये पुण्यात ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ नावाची संस्था स्थापन झाली. फुटलाइट्सनंतर अवघ्या अकरा वर्षांनी. नावातच विद्यार्थी होते. हीच संस्था पुढे ‘भरत नाट्य संशोधन मंदिर’ झाली आणि सदाशिव पेठेतील तिचे नाट्यगृह ‘भरत नाट्य मंदिर’ म्हणून प्रसिद्ध पावले. हे नाव ध्यानात ठेवावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विद्यार्थी रंगभूमी याच वास्तूभोवती फिरते.

११/ महाविद्यालयांनी मराठी विनोदाला आणखी एक गोष्ट दिली : अनुवादक. फर्ग्युसनमध्ये अध्यापन करणाऱ्या वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपियरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’चे ‘त्राटिका’ केले आणि शाहूनगरवासी मंडळीने ते गाजवले. गोविंद बल्लाळ देवलांनी मोलिएरचे एक प्रहसन इंग्रजी रूपांतराच्या वाटेने मराठीत आणले. त्याचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे रूप १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले आणि ते आजही हसवते. वर्गात शिकलेले इंग्रजी विनोदी नाटक अशा रीतीने तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत गेले.

१२/ या परंपरेचे पुढचे नाव प्र. के. अत्रे. पुण्यात शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या या लेखकाने १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ लिहिले. पुढे त्यांनी ब्रँडन थॉमसचे ‘चार्लीज आंट’ मराठीत आणले, तेच ‘मोरूची मावशी’. मूळ इंग्रजी नाटक १८९२ चे आणि घडते ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांमध्ये. मावशी वेळेवर येत नाही, म्हणून एका मित्रालाच मावशीचे सोंग घ्यावे लागते, एवढीच गोष्ट.

१३/ हे परके नाटक मराठीत इतके मुरले कसे? तमाशाच्या गवळणीतील मावशी पुरुषच साकारीत असे. लुगडे नेसून फटकळ बोलणारा तो पुरुष प्रेक्षकांच्या नेहमीच्या ओळखीचा होता. ऑक्सफर्डच्या मुलांचे सोंग आणि गवळणीतील मावशी यांची गाठ पडली आणि परकेपणा उरला नाही. १९८० च्या दशकात विजय चव्हाण यांनी ही मावशी पुन्हा रंगमंचावर आणली, तेव्हा चाळीस वर्षांचे नाटक नव्या पिढीचे झाले.

१४/ येथे एक फरक नोंदवला पाहिजे. फुटलाइट्सने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते १९६४ मध्ये. मराठीत ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले, तेव्हाच स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या होत्या. आमची रंगभूमी सर्व बाबतींत मागे होती, असे मानण्याचे कारण नाही. तरी विनोदी भूमिकेचा मोठा वाटा पुरुषांकडेच राहिला आणि मुलींच्या वाट्याला बहुधा ‘जिच्यावरून गोंधळ होतो ती नायिका’ आली. हे दुखणे स्पर्धांच्या काळातही पुष्कळ वर्षे टिकले.

१५/ स्वातंत्र्यानंतर हौशी रंगभूमीला नवे बळ आले. पुण्यात भालबा केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ उभी केली. बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले श्रीराम लागू तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी. पुढे जब्बार पटेल, मोहन आगाशे हेही त्याच वैद्यकीय महाविद्यालयातून आले. महाविद्यालयीन नाटकात कोण चमकतो यावर लक्ष ठेवणारी आणि त्याला पुढचे दार उघडून देणारी संस्था आता शहरात होती.

१६/ आणि मग १९६३. केंब्रिजचे विद्यार्थी लंडन गाजवत होते त्याच वर्षी पुण्यात ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने आपले कार्यकर्ते पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली : पुरुषोत्तम करंडक. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. मात्र दोन्हींचा परिणाम पुढे सारखा झाला : विशीतल्या मुलांच्या हाती एक रंगमंच आला.

१७/ या स्पर्धेचे वैशिष्ट्य तिच्या गुणांकनात आहे. भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. भपकेबाज नेपथ्य किंवा महागडी प्रकाशयोजना केल्याने करंडक मिळत नाही. त्यामुळे श्रीमंत आणि गरीब महाविद्यालयांतील अंतर बरेच कमी झाले. विनोदासाठी तर हे फारच उपकारक ठरले. दोन खुर्च्या आणि एक बाक यांच्यावर हशा पिकवायचा, तर संवाद नेमका लागतो आणि त्याची वेळ त्याहून नेमकी लागते.

१८/ दुसरे वैशिष्ट्य प्रेक्षकांचे. भरत नाट्य मंदिरात प्रतिस्पर्धी महाविद्यालयांची मुले खचाखच बसलेली असतात. ‘अरे आवाज कुणाचा’ ही आरोळी उठते आणि आपापल्या महाविद्यालयाच्या नावाने उत्तर घुमते. हा प्रेक्षक सौजन्याने हसत नाही. विनोद फसला की तो दाद देत नाही, आणि जमला की दुसऱ्या महाविद्यालयाचा असूनही टाळी आवरत नाही. अशा सभागृहात ज्याने विशीत हशा मिळवला, त्याला व्यावसायिक रंगभूमीवर घाबरण्यासारखे फार थोडे उरते.

१९/ सतीश आळेकर यांचे उदाहरण बोलके आहे. महाविद्यालयीन नाटकातील त्यांचे काम भालबा केळकरांच्या नजरेत भरले आणि त्यांना असोसिएशनमध्ये बोलावणे आले. ‘झुलता पूल’ ही त्यांची पहिली एकांकिका १९६९ ची. जीवरसायनशास्त्राचा हा विद्यार्थी जब्बार पटेलांभोवती जमलेल्या तरुण गटात सामील झाला. पुढच्या पाच वर्षांत या गटाने मराठी रंगभूमीवरचे हसू बदलून टाकले.

२०/ १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नाटक क्रूर सत्ताकारणाचे आहे, पण त्याचे अस्त्र उपहास हे आहे : गात, नाचत, डोलत माणसांची भिंत बनणारा ब्राह्मणांचा ताफा. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता कशाला हसलो याने अस्वस्थ होतो. विरोध झाला, ज्येष्ठांनी प्रयोग थांबवले आणि तरुणांनी बाहेर पडून १९७३ मध्ये ‘थिएटर अॅकॅडमी’ स्थापन केली.

२१/ १९७४ मध्ये त्याच थिएटर अॅकॅडमीने आळेकरांचे ‘महानिर्वाण’ आणले. भाऊराव मेले आहेत आणि स्वतःच्या मरणाची कथा कीर्तनकाराच्या थाटात सांगत आहेत. त्यांना दहन हवे ते जुन्या स्मशानातच, आणि ते तर बंद झालेले. मृत्यू, कर्मकांड, शेजारपाजार यांची इतकी निर्विकार थट्टा मराठीत पूर्वी झाली नव्हती. महाविद्यालयीन मंचावर घडलेल्या पिढीने विनोद मरणाच्या दारापर्यंत नेला आणि प्रेक्षक त्यांच्यामागून गेला.

२२/ पुण्याबाहेरही विद्यापीठांच्या आवारातून विनोद येत होता. औरंगाबादेत नाट्यशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात एकट्याने ५२ व्यक्तिरेखा उभ्या केल्या. नेपथ्य जवळजवळ नाही. केवळ आवाज, अंगविक्षेप आणि मराठवाडी बोली. ग्रामीण बोली हा विनोदाचा विषय नव्हे तर विनोदाचे साधन आहे, हे या प्रयोगाने दूरवर पोहोचवले.

२३/ कोकणासाठी हेच काम १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने केले. गावातील मंडळी नाटक बसवतात आणि त्याचा बोजवारा उडतो, ही त्याची कथा. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली थेट मुंबईच्या नाट्यगृहांत नेली. ‘प्रमाण भाषेत बोला’ हे ऐकत वाढलेल्या कोकणी मुलांना त्यामुळे एक मोठी गोष्ट कळली. आपण घरी जसे बोलतो तसेच मंचावर बोललो, तर प्रेक्षक आपल्यावर हसत नाही. तो आपल्याबरोबर हसतो.

२४/ आता मुंबई. येथे इंडियन नॅशनल थिएटर, म्हणजे ‘आयएनटी’च्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेने पुण्याच्या पुरुषोत्तमसारखेच स्थान मिळवले. जे. जे. कला महाविद्यालयाच्या परिसरातून आलेल्या पुरुषोत्तम बेर्डे यांचे ‘टूरटूर’ १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात रंगमंचावर आले. तरुणांच्या सहलीची धमाल एवढाच त्याचा ऐवज. पण त्यातून लक्ष्मीकांत बेर्डे नावाचा अभिनेता महाराष्ट्राला मिळाला. पुढच्या दशकातील मराठी चित्रपटाचा विनोद या मुलांच्या खांद्यावर उभा राहिला.

२५/ ही मुले कोणत्या शहरात हसवत होती, हेही पाहिले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप कधी रीतसर मिटलाच नाही, गिरण्या मात्र मिटत गेल्या. परळ-लालबागच्या चाळींतील घरे उत्पन्नाविना बसली. त्याच गिरणगावातील मुले पुढल्या दशकात परळच्या महर्षी दयानंद महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘एमडी’च्या नाट्यसंघात दिसू लागली.

२६/ देवेंद्र पेम लिखित-दिग्दर्शित ‘ऑल द बेस्ट’ ही मुळात एकांकिकाच. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका. तिघे मित्र आणि तिघांचे प्रेम एकाच मुलीवर. भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर ही त्यातील नावे. १९९० च्या दशकात मोहन वाघ यांच्या ‘चंद्रलेखा’ने ते पूर्ण नाटक म्हणून आणले आणि त्याने व्यावसायिक रंगभूमीचा नूर पालटला. पुढे अन्य भाषांतही ते गेले. २००२ मध्ये केदार शिंदे आणि भरत जाधव यांचे ‘सही रे सही’ आले, तेही याच पिढीचे.

२७/ आज ‘ऑल द बेस्ट’कडे पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. अपंगत्वावर हसावे का? समर्थकांचे म्हणणे असे की तिघे कोठेही दयेचे विषय नाहीत. ते चतुर आहेत, प्रेमात पडतात, एकमेकांना फसवतात. आक्षेप असा की हशाचे यंत्र त्यांच्या व्यंगावरच चालते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने निकाल देण्यापूर्वी एवढे पाहावे की काल सहज वाटलेला विनोद आज खटकतो, तेव्हा विनोद तोच असतो आणि समाज पुढे सरकलेला असतो. जुनी प्रहसने म्हणूनच मौल्यवान साधने आहेत.

२८/ विद्यापीठांनी प्रहसनाला स्वतंत्र स्थान दिले ते युवा महोत्सवांत. आंतरविद्यापीठ महोत्सवाच्या नियमांनुसार प्रहसनाला जास्तीत जास्त सहा कलाकार आणि दहा मिनिटे. व्यक्तिगत शेरे, चारित्र्यहनन, अश्लीलता वर्ज्य. अपेक्षा निर्मळ विनोदाची. १८७६ च्या कायद्याची सावली येथे वाटल्यास पाहता येईल. पण याच चौकटीत दरवर्षी मुले महागाई, परीक्षांचे गोंधळ, खड्डे आणि पुढारी यांच्यावर नाव न घेता बोलतात. कोणाविषयी बोलणे चालले आहे ते सभागृहाला कळते, आणि हशा त्या कळण्याचाच असतो.

२९/ या दहा मिनिटांच्या साच्याचे पुढे काय झाले, ते घराघरांत दिसते. २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सुरू झाली. मोजके कलाकार, जुजबी नेपथ्य, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवेश आणि शेवटी मोठा हशा : हा आकृतिबंध स्पर्धांच्या मंचावर घोटलेला आहे. त्यातील अनेक कलाकार आणि लेखक एकांकिका स्पर्धांतूनच आले आहेत. फुटलाइट्सपासून मॉन्टी पायथनपर्यंतची वाट मराठीत अशी, अनेक महाविद्यालयांच्या अंगणांतून गेली.

३०/ तरीही स्पर्धांत विनोदी एकांकिकेकडे काहीसे खालच्या नजरेने पाहिले जाते. ‘विषय काय?’ हा परीक्षकांचा नेहमीचा प्रश्न. दुष्काळ, जात, दंगल असा विषय असला की एकांकिका आपोआप वजनदार ठरते. हसवणारी असली की ती ‘प्रेक्षकांची आवडती’ एवढ्यावर थांबते. परिणामी अनेक संघ विनोद शेवटच्या पाच मिनिटांत गुंडाळतात आणि प्रकाश मंद करून एक गंभीर संदेश देतात. ‘महानिर्वाण’ने असा संदेश दिला नव्हता. त्यातील विनोदच त्याचा विचार होता.

३१/ सप्टेंबर २०२२ मध्ये एक अभूतपूर्व गोष्ट घडली. करोनाच्या खंडानंतर पुरुषोत्तम करंडक पुन्हा भरला आणि परीक्षकांनी मुख्य करंडकासाठी एकही एकांकिका पात्र नसल्याचा निर्णय दिला. स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच झाले. काहींनी दर्जाचा आग्रह म्हणून त्याचे स्वागत केले. काहींनी विचारले, दोन वर्षे तालमीची खोलीच बंद होती, त्या मुलांना वरिष्ठांकडून शिकायला मिळाले कधी?

३२/ हा दुसरा प्रश्न आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. ज्या परंपरेला कायमची संस्था नाही, ती एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जाते. तिसऱ्या वर्षाचा मुलगा पहिल्या वर्षाच्या मुलीला सांगतो की वाक्य कोठे तोडायचे, हशा ओसरेपर्यंत कसे थांबायचे. हे कोठे लिहिलेले नसते. दोन वर्षे तालीम बंद राहिली की ही साखळी तुटते. ती तुटली होती आणि करंडक रिकामा राहिला, असा या घटनेचा एक अर्थ लावता येतो.

३३/ यातून इतिहासाच्या अभ्यासकांपुढे कामही उभे राहते. बहुसंख्य महाविद्यालयीन प्रहसने छापली जात नाहीत. स्पर्धा संपली की संहितेच्या झेरॉक्स प्रती रद्दीत जातात, उरते ते प्रशस्तिपत्र. गंभीर नाटककाराची पहिली एकांकिका पुढे संग्रहात येते. प्रहसन लिहिणारा मुलगा बँकेत किंवा शाळेत नोकरीला लागतो आणि त्याच्या वहीतील मजकुराबरोबर त्या वर्षीचा महाराष्ट्र कशाला हसत होता, हेही हरवते.

३४/ रायगडसारख्या जिल्ह्यात हे अधिक जाणवते. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे आणि रायगड त्याच्या मधोमध येतो. येथील मुलांच्या कानांवर आगरी बोली आहे, कोळीवाड्यांची भाषा आहे, शिमग्यातील सोंगे आहेत, पेणच्या गणपती कारखान्यांतील गप्पा आहेत. महामार्गाचे वर्षानुवर्षे रखडलेले काम हा तर प्रहसनाचा तयार विषय. एवढा ऐवज घेऊन मुले स्पर्धेला जातात आणि दहा मिनिटांत तो उधळून परत येतात.

३५/ तो जपण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक फाईल पुरे : दरवर्षीची संहिता, कलाकारांची नावे, प्रयोगाची तारीख, एक छायाचित्र आणि हशा कोठे आला याच्या समासातील खुणा. केंब्रिजच्या संघाची कहाणी आज सांगता येते, याचे एक कारण तेथे कागद जपले गेले. १८९४ च्या स्टुडंट्स सोशल क्लबचे नाव आपण घेऊ शकतो, याचेही कारण तेच.

३६/ वडखळच्या नाक्यावरून यंदाही एखादा संघ जाईल. स्पर्धेत त्याचा क्रमांक येईल किंवा येणार नाही. त्याच्यात कोणी सतीश आळेकर वा भरत जाधव असेल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्या दोघांच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीही कोणी सांगू शकले नसते. म्हणून परतीच्या प्रवासात एकाने तरी संहितेची प्रत नीट दुमडून पिशवीत ठेवावी. पुढच्या पिढीच्या इतिहासकाराला ती लागणार आहे. (समाप्त)